नाते काय लागते?

इस्पितळात रुग्ण दाखल करताना जो फॉर्म भरतात, त्यात नाव, वय व पत्ता झाल्यावर एक रकाना असतो : जवळचा नातेवाईक कोण व नाते काय. मुंबईत नर्सिंगचे शिक्षण घेऊन अमेरिकेत आल्यावर आम्ही तीस वर्षे हा रकाना भरून घेतला. त्यात विचार करण्यासारखे काही आहे, असे पहिली काही वर्षे मनातही आले नाही.

१९८७ सालची गोष्ट. न्यूयॉर्कला एड्सचे रुग्ण एकामागून एक येत होते आणि औषधोपचार असा फारसा हाती नव्हता. आमच्या वॉर्डात तिशीतला एक रुग्ण होता. त्याच्या उशाशी एक गृहस्थ रोज कामावरून येऊन बसत. सूप भरवीत, चादर बदलू लागत, पाय चेपीत. अशा रुग्णांच्या जेवणाची ताटे भीतीने दाराबाहेर ठेवून लोक निघून जात, ते हे दिवस. एका रात्री रुग्ण अत्यवस्थ झाला. अशा वेळी फक्त नातेवाइकांना आत ठेवावे असा नियम होता. आम्ही त्या गृहस्थांना विचारले, नाते काय लागते? ते म्हणाले, "मित्र." आम्ही त्यांना बाहेरचे बाक दाखवले. पहाटे रुग्ण गेला, तेव्हा ते त्याच बाकावर ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसले होते. नऊ वर्षे दोघांनी एकत्र संसार केला होता, हे नंतर कळले. खरे सांगायचे तर, कळले तेव्हाही "संसार" हा शब्द आम्ही मनात आणला नाही.

हे सारे आता आठवण्याचे कारण आमच्या घरातले एक लग्न. ते पुढे येईलच.

अमेरिकेत पुरुषाने पुरुषाशी किंवा स्त्रीने स्त्रीशी कायदेशीर लग्न करण्याची सोय प्रथम २००४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात झाली, न्यूयॉर्कला २०११ साली झाली, आणि २६ जून २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती सर्व राज्यांना लागू केली. त्या खटल्यात ज्यांचे नाव गाजले ते जिम ओबर्गेफेल ओहायो राज्यातले. त्यांचे सोबती जॉन आर्थर यांचे स्नायू एका असाध्य रोगाने निकामी होत चालले होते. ओहायोत अशा लग्नाला बंदी, म्हणून २०१३ साली दोघे वैद्यकीय विमानाने मेरीलँडला गेले आणि विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानातच लग्न लावून परतले. मग भांडण कशासाठी झाले? आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर "विवाहित" असे लिहावे आणि जोडीदार म्हणून आपले नाव यावे, एवढ्यासाठी. पुन्हा तोच रकाना.

आता आपल्याकडे वळू. "आम्ही ज्यू" म्हटल्यावर शेजारीपाजारी अजूनही विचारतात, "पण तुम्ही तर इंडियन ना?" मग आपण नवगाव, तेलाचे घाणे, शनवार तेली हे सारे सांगत बसतो. पुरावा देण्याची आपल्याला सवय आहे. लग्नाच्या बाबतीत तर तो रीतसर मागितला गेला. इस्राएलमध्ये काही रब्बी बेने इस्राएलांची इतर ज्यूंशी लग्ने लावीनात, आणि १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने अशा लग्नाआधी आई, आजी अशी मागे जाऊन वंशावळ तपासावी, अशा सूचना काढल्या. १९६४ साली आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला, आणि मग त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव गेले. आमचे एक चुलते धरणे धरणाऱ्यांत होते. आम्ही तेव्हा लहान. पण त्यांचे पत्र पुढे कितीतरी वर्षे घरात वाचले जाई. ऊन सोसवते, असे त्यांनी लिहिले होते, परंतु परक्या माणसाने आमच्या आईच्या लग्नाविषयी शंका घ्यावी, हे सोसवत नाही.

आपण नुसते सोसणारे होतो असेही नाही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपणच पाळला. काळ्यांच्या घरी मुलगी द्यायची नाही, भांडे वेगळे, प्रार्थनामंदिरात जागा मागे. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी एक पितळी गडू निराळा ठेवलेला असे. आजी दुष्ट नव्हती. गावात बाळंतीण अडली तर अपरात्री धावून जाणारी बाई ती.

तर लग्नाची गोष्ट. आमच्या नणंदेचा मुलगा क्वीन्समध्ये राहतो. अकरा वर्षे त्याच्या घरी एक सोबती आहे. मलिद्याला दोघेही येत आणि आम्ही सर्वांना ओळख करून देत असू, "हा याचा रूममेट." मागल्या वर्षी भाच्याचा फोन आला. "मामी, आम्ही लग्न करतोय. तू येशील ना?" मामांना विचारून सांगते, म्हणून आम्ही फोन ठेवला.

यजमान धर्मकृत्यांत चोख. ते म्हणाले, "चौसष्ट साली आपण धर्माच्या आत आहोत, एवढेच आपले म्हणणे होते. हा मुलगा धर्मात नाही ते मागतो. दोन्ही एक कसे?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. वायिक्रात काय लिहिले आहे ते आम्हांलाही ठाऊक आहे. रिफॉर्म रब्बींच्या संस्थेने २००० साली आपल्या रब्बींना अशा जोडप्यांसाठी विधी करण्याची मोकळीक दिली, कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी २००६ साली दार उघडले. ऑर्थोडॉक्स मानीत नाहीत, आणि कोर्टानेही कोणा रब्बीवर सक्ती केलेली नाही. परंतु आपल्या हज्जानांनी हुप्पा उभारावा, असे भाचा म्हणालाच नव्हता. लग्नाचे लायसन्स सिटी क्लार्कच्या कचेरीत मिळते. त्याने बोलावले होते मामा-मामींना. रब्बींचे रब्बी पाहतील. आमच्या घरात कोणाला काय म्हणायचे हे मात्र आम्हीच ठरवीत होतो, आणि अकरा वर्षे खोटे सांगत होतो. खोटे बोलायलाही तोरात मनाई आहे, एवढे आम्ही यजमानांना म्हटले. ते गप्प बसले. पटले असे नव्हे.

आपल्याकडे "चालवून घेणे" असा एक शब्द आहे. मुलगा चांगला मिळवतो, आईचे पाहतो, तेव्हा चालवून घ्यायचे. फक्त नाव उच्चारायचे नाही. त्या वॉर्डात आम्ही त्या गृहस्थांना असेच चालवून घेत होतो, सूप भरवीपर्यंत. प्रसंग आला तेव्हा चालवून घेतलेला माणूस बाहेर गेला, कारण त्याला आत ठेवण्यासाठी लागणारा शब्द कोणी कधी उच्चारलाच नव्हता. कायद्याने आता फॉर्मवरचा शब्द दिला आहे. घरातला शब्द कोर्ट कुठून देणार?

आम्ही लग्नाला गेलो. यजमान सह्यांच्या वेळी आले नाहीत, जेवायला आले.

त्यानंतरच्या मलिद्याला एका वयस्कर मावशींनी विचारले, "हा गोरा मुलगा कोण गं?" आमची पंचाईत झाली. भाचेसून म्हणावे तर तो पुरुष, भाचेजावई म्हणावे तर भाची नाही. शेवटी म्हटले, "भाचेजावई." मावशी हिशेब करू लागल्या. "तुझी भाची कुठली ही?" आम्ही म्हटले, "भाची नाही मावशी, भाचा." मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. भाच्याने ते पाहिले. आम्ही पोहे, खोबरे, खजूर, केळे अशी ताटे भरायला घेतली आणि एक ताट मावशींना नेऊन दिले. त्यांनी ते घेतले.