निष्काम कोणी व्हावे?

दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या क्षुल्लक कुतूहलापायी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जो शोध आरंभिला, त्याचा शेवट २९ मार्च २०२४ रोजी अशा एका वार्तेत झाला की, जगातील असंख्य सर्व्हरांच्या दारांसाठी कोणी अज्ञाताने चोरकिल्ली घडवून ठेवली होती आणि ती सर्वत्र पोचण्यास फार अवधी उरला नव्हता. ही चोरकिल्ली ज्या प्रोग्रामात दडविली होती त्याचे नाव एक्सझेड यूटिल्स. माहितीचे गाठोडे आवळून लहान करावे आणि पाहिजे तेव्हा पुन्हा सोडावे, एवढेच त्याचे काम; परंतु लिनक्स या संगणकप्रणालीच्या बहुतेक प्रकारांत तो बिनबोभाट बसलेला असतो, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशांचे व्यवहारही त्याच्यावरून जात असतात. फिनलंडमधील लासे कॉलिन हे गृहस्थ तो वर्षानुवर्षे, जवळजवळ एकहाती, फावल्या वेळात आणि विनामोबदला सांभाळीत आले होते.

चोर आत कसा शिरला ही हकिकत चोरीपेक्षा अधिक विचार करावयास लावणारी आहे. २०२१ साली ‘जिया टॅन’ असे नाव धारण करणारा कोणी उमेदवार लहानसहान दुरुस्त्या घेऊन आला; दुरुस्त्या उपयोगाच्या होत्या, वागणे विनयाचे होते. २०२२ साली भलत्याच काही नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा सुरू झाला : काम फार सावकाश चालते, पाठविलेल्या दुरुस्त्या पडून राहतात, तुम्हांला जमत नसेल तर कारभार दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कॉलिन यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, आस्था संपलेली नाही, पण मनाच्या दीर्घकाळच्या अस्वास्थ्यामुळे पूर्वीइतके झेपत नाही, आणि हे बिनपगारी हौसेचे काम आहे एवढे ध्यानात असू द्यावे. पुढे अधिकार हळूहळू त्या विनयशील उमेदवाराकडे सरकले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या ५.६.० व ५.६.१ या दोन आवृत्त्यांतून ते विष बाहेर पडले. त्या नावामागे कोण होते हे अद्याप उघड झालेले नाही. तगादा लावणारी नावेही त्याच कटातील असावीत असा जाणकारांचा तर्क आहे.

तो तगादा बनावट असेल. पण बनावट म्हणून तो कोणाला ओळखू आला नाही, कारण खरा तगादा अगदी असाच असतो. मुक्तस्रोत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जगात, जेथे प्रोग्रामाचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो आणि तो लिहिणारा बहुधा स्वखुशीने राबत असतो, तेथे फुकट घेणाऱ्याने देणाऱ्याला जाब विचारावा ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की, चोराला आपले सोंग वठविण्यासाठी वेगळी भाषा शिकावी लागली नाही. स्वयंसेवक टिकत नाहीत, थकतात, एक दिवस दार लावून निघून जातात, अशी जी ओरड या क्षेत्रात ऐकू येते तिचा विचार सामान्यतः व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणून होतो. मला तो आधी धर्माचा प्रश्न वाटतो, आणि तो असा : दुसऱ्याच्या निःस्वार्थतेवर आपला हक्क असू शकतो काय?

आपल्याकडे असा विषय निघाला की गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील फलत्यागाचा उपदेश तोंडावर आलाच म्हणून समजावे. त्या उपदेशाची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंतु तो कोणी कोणाला केला हे पाहणे अगत्याचे आहे. तो कर्त्याला केलेला आहे. कर्त्याच्या श्रमावर जगणाऱ्याने कर्त्याच्या कानात तो सांगावा अशी योजना गीतेत कोठेही नाही. उलट पुढल्याच अध्यायात, परस्परांना पोसण्याचे जे चक्र सृष्टीत घातलेले आहे त्यातून नुसते घेणारा आणि परत काही न घालणारा मनुष्य चोर होय, असा रोखठोक निवाडा दिलेला आहे. दुसरा अध्याय पाठ असलेल्या किती जणांना तिसऱ्यातला हा निवाडा आठवतो, हे ज्याचे त्याने पाहावे. ज्या लोकसंग्रहावर टिळकांनी ‘गीतारहस्या’त एवढा भर दिला तो शब्दही याच तिसऱ्या अध्यायातला आहे. निष्कामता हे कर्त्याने स्वतःशी घेतलेले व्रत आहे. भोक्त्याने ते कर्त्यावर लादले की त्याच क्षणी त्याचे नाव बदलते, आणि आपल्या जुन्या दप्तरांतून त्याला वेठ म्हणत.

मात्र स्वयंसेवकाला साधुत्वाचा टिळा लावून मोकळे होण्याचीही मला घाई नाही. हा मनुष्य कामाला लागतो तेव्हा तो निष्काम नसतोच. त्याला कोडे सुटल्याचा आनंद हवा असतो, समव्यवसायींत नाव हवे असते, स्वतःची एखादी अडचण दूर व्हावी असे वाटत असते. लायनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्स या आपल्या नव्या उद्योगाची वार्ता दिली ती नुसता छंद म्हणूनच. आरंभी सारी लीला असते. परंतु लीलेतून निर्माण झालेली वस्तू लोकांच्या उपयोगी पडू लागली की तिचे स्वरूप पालटते, आणि ते कसे पालटते हे सांगण्यासाठी आपल्या मीमांसकांनी केलेल्या काम्य आणि नित्य या भेदाइतका नेमका भेद मला दुसरा आढळत नाही. काम्य कर्म इच्छा असेल त्याने करावे. केले तर फळ आहे, न केले तर दोष नाही. नित्यकर्माची गोष्ट निराळी. ते केल्याने विशेष पुण्य पदरी पडत नाही असे एक मत आहे, परंतु चुकले तर मात्र प्रत्यवाय लागतो. नवा प्रोग्राम लिहिणे हे काम्य कर्म आहे, आणि तो सांभाळणे हे नित्यकर्म. कोणाचा यंत्रप्रकार जुना, कोणाचा नवा; कोठे कोणाचा हिशेब अडला, कोणी अर्धवट तक्रार लिहिली, तिचा अर्थ लावा; कोणी दहा ओळींची दुरुस्ती पाठविली, ती तपासण्यास स्वतः लिहिण्याच्या दुप्पट वेळ द्या; आणि हे सर्व यथासांग झाले तर जगाला काहीच दिसत नाही, कारण काहीच बिघडलेले नसते. एक दिवस चुकला की मात्र नाव वर्तमानपत्रात येते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ नावाचे छिद्र उघडकीस आले, तेव्हा ज्या प्रोग्रामावर जगातील पेढ्यांची आणि पत्रव्यवहाराची गुप्तता विसंबून होती, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा मनुष्य एक, ही गोष्टही त्याच आठवड्यांत प्रथमच लोकांना कळली. तोवर विचारले कोणी नव्हते.

लीलेचे नित्यकर्मात रूपांतर होते त्या घडीला कोणताही करार होत नाही, कोणी सनद देत नाही, कोणाची संमती घेतली जात नाही. ज्याने हौसेने एक आड खणला तो एके दिवशी पाहतो तर साऱ्या पेठेचे पाणी त्याच आडावरून चाललेले असते, आणि पोहरा तुटला की लोक त्याच्या दारात उभे असतात.

आड आणि तलाव यांचा विचार आपल्या धर्मशास्त्राने पूर्तधर्म या नावाने फार बारकाईने केलेला आहे. दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. पण तलाव सर्व भूतांसाठी सोडला जातो, तेथे घेणारा कोणी एक नसतो, म्हणून त्याला उत्सर्ग हा वेगळा शब्द योजला. मुक्तस्रोत प्रोग्रामाचा परवाना हे मला तसे उत्सर्गपत्रच वाटते. ‘आहे तसे घ्या, हमी कसलीही नाही’ हे त्यातले कलम घेणारा वाचीत नाही, एवढाच फरक. उत्सर्ग झाल्यावर तलावाचा गाळ कोणी काढावा? जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधणीहून थोर मानण्याची आपली रीत या प्रश्नातूनच निघाली असली पाहिजे, कारण नवे बांधणाऱ्याला शिलालेख मिळतो आणि गाळ काढणाऱ्याला चिखल. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर घाट आणि देवळे उभारली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या कामांच्या मागे खासगीचे उत्पन्न लावून पूजेअर्चेची व अन्नछत्रांची कायम नेमणूक करून ठेवण्याची दृष्टी त्यांना होती, हे मात्र कमी सांगितले जाते. दगड एकदा बसतो, दिवा रोज लावावा लागतो, हे त्या बाई पुरते ओळखून होत्या.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही : पैसा आला की सेवेचे तेज जाते, हौसेचा मनुष्य चाकर होतो. आक्षेप घेणाऱ्याने यज्ञसंस्थेकडे पाहावे. कर्म करतात ऋत्विज, फळ जाते यजमानाला. म्हणूनच मीमांसकांनी दक्षिणेला ऋत्विजांचा परिक्रय, म्हणजे मोल देऊन त्यांची सेवा घेणे, असे म्हटले, आणि दक्षिणेवाचून केलेल्या यज्ञाला गीतेने सतराव्या अध्यायात तामस ठरविले. मंत्राचे पावित्र्य दक्षिणेने कमी होते असे त्या कर्मठांनाही वाटले नाही. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश काम आज पगारी माणसे करतात, आणि तो गाभा त्यामुळे निकृष्ट झाल्याचे कोणी म्हणत नाही. अडचण आहे ती गाभ्यापासून दूर, कोनाकोपऱ्यांत बसलेल्या लहान प्रोग्रामांची, ज्यांचे यजमान कोट्यधीश आहेत आणि ऋत्विज उपाशी. कारण यजमानांची संख्या इतकी मोठी की दक्षिणा दुसरा कोणी देईलच, असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते.

तथापि केवळ पैशाने हा प्रश्न सुटेल असेही मी मानीत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नथ हे आपल्या पुस्तकांतली प्रत्येक चूक दाखविणाऱ्याला दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश पाठवीत, आणि कितीतरी लोकांनी तो कधीच वटविला नाही, चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्या कागदाची किंमत पेढीवर ठरत नव्हती. कोणीतरी आपले काम नीट वाचले, याची ती पावती होती. कॉलिन यांना त्या वर्षांत पैशाइतकीच गरज होती ती शेजारी बसून वाचणाऱ्या एका माणसाची, आणि ती गरज ओळखून धावून आलेला एकमेव मनुष्य चोर निघाला.

येथे मला अरण्यकांडातील पर्णकुटी आठवते. रावण आला तो यतीच्या वेषात, आणि सीतेने त्याचे आतिथ्य केले ते गृहस्थधर्माला धरूनच होते. तिच्या हातून प्रमाद झाला असे म्हणणारे कथेकरी मला कधीच रुचले नाहीत. त्या प्रसंगातली खरी भयानकता ही की ती त्या वेळी एकटी होती. सांभाळणाऱ्याने गोडी संपली की योग्य वारसाच्या हाती काम सोपवून मग निघावे, हा मुक्तस्रोताचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी घालून दिलेला या जगाचा जुना शिष्टाचार आहे. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या प्रकल्पात ज्याचा सांभाळ सोडून दिला आहे अशा पॅकेजाची नोंद ‘अनाथ’ याच शब्दाने करतात, हेही त्याच मायेचे लक्षण. कॉलिन यांनी तो शिष्टाचार पाळला. वारस पारखण्याची जबाबदारी मात्र एका थकलेल्या माणसावर सोडून आपण सर्व, म्हणजे हजारो संस्था आणि कोट्यवधी वापरणारे, निश्चिंत झोपलो होतो. त्याने वेळीच संन्यास घेतला असता तरी आपण त्याला पळपुटाच म्हटले असते.

‘आपण’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. हा निबंध ज्या प्रोग्रामावर लिहीत आहे तो मला फुकट मिळाला. त्यातली मराठी अक्षरे नीट उमटावीत म्हणून कोणी कोणी रात्री जागविल्या असतील याची मी आजवर चौकशी केली नाही, आणि एकदा एक जोडाक्षर फुटलेले दिसले तेव्हा तक्रार मात्र त्याच दिवशी लिहून पाठविली, तीही आभाराचा एक शब्द न घालता. चार दिवसांत अक्षर दुरुस्त झाले. ते कोणी केले हे मी पाहिले नाही.

चोरकिल्ली सापडल्यावर एक्सझेड यूटिल्सचा कारभार पुन्हा लासे कॉलिन यांनीच हाती घेतला, घातलेले विष निपटून काढले, आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.