बोटातली फट आणि निर्मात्याचा प्रश्न

ब्रिजवॉटरचा आठवा अर्ल फ्रान्सिस एजर्टन १८२९ साली वारला. मृत्युपत्रात त्याने ८,००० पौंड एका खास कामासाठी बाजूला काढले होते. सृष्टीतून ईश्वराचे सामर्थ्य, शहाणपण आणि चांगुलपणा कसा दिसतो, यावर ग्रंथ लिहवून घ्यायचे होते. पुरावे कुठे शोधायचे हेही त्याने सुचवले होते आणि त्यात माणसाच्या हाताची रचना नावानिशी होती. आठ ग्रंथ निघाले. हातावरचा ग्रंथ १८३३ साली चार्ल्स बेलने लिहिला. बेल नुसता पुस्तकी पंडित नव्हता. वॉटर्लूच्या लढाईनंतर ब्रसेल्सला जाऊन त्याने जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. चिंधड्या झालेले हात पाहिलेला हा शल्यविशारद हाताला देवाचा पुरावा मानतो, म्हणून त्याचे म्हणणे वरवर झटकून टाकता येत नाही.

बोट वाकवणारे बलदंड स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे टेंडन, मनगटातून आणि तळहातातून बोटांत शिरतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन कंडरा. एक वरची, कातडीच्या बाजूची. दुसरी तिच्याखालची, हाडाला लागून. वरची मधल्या पेरावर संपते, खालची थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. मग खालचीने पुढे निघायचे कसे? वरची कंडरा दुभंगते आणि त्या फटीतून खालची बाहेर पडते. पुन्हा दोघींना हाडाशी धरून ठेवायला आडवे पट्टे असतात. शल्यविशारद त्यांना पुली म्हणतात. महत्त्वाच्या पुली तुटल्या तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून ताणली जाते आणि बोट पुरते मिटत नाही.

हे स्वतःच्या हातावरही पाहता येते. तळहात वर करून टेबलावर ठेवावा, दुसऱ्या हाताने बाकीची तीन बोटे सरळ दाबून धरावीत आणि फक्त मधले बोट वाकवावे. ते मधल्या सांध्यात वाकते, पण टोकाचे पेर लुळे राहते, टिचकी मारली तर हलते. खालच्या कंडरांचा स्नायू बराचसा सामाईक असल्याने तीन बोटे अडवली की चौथ्याची खालची कंडराही अडकते आणि वरची एकटी काम करते. जखमी बोटातली वरची कंडरा तुटली आहे का, हे डॉक्टर याच युक्तीने ओळखतात.

दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने शरीराच्या अवयवांवरचा आपला मोठा ग्रंथ हातापासूनच सुरू केला आणि त्या लेखनाला निर्मात्याचे स्तोत्र म्हटले. आपल्याकडे न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांची वाट फारशी वेगळी नव्हती. घडा आहे तर कुंभार असणार, जग हे कार्य आहे तर त्याचा कर्ता असणार. सांख्यांना हे पटले नाही. वासरासाठी गाईचे दूध वाहते ते दुधाने ठरवून नव्हे, अचेतन प्रकृतीही हेतू असल्यासारखी वागते, असे त्यांचे उत्तर. हा वाद युरोपातून आयात झालेला नाही, आपल्या घरातही तो शतकानुशतके चालला आहे.

बेलच्या पुराव्याला पहिला धक्का घोड्याच्या पायाने बसतो. घोडा लेखणी धरत नाही, सुईत दोरा ओवत नाही. तरी त्याच्या पायातही वरची कंडरा दुभंगते आणि खालची तिच्यामधून खुराच्या हाडाकडे जाते. एकाच निर्मात्याचा एकच आराखडा, असे बेलच्या बाजूने म्हणता येईल. डार्विनने १८५९ साली माणसाचा हात, बिळे खणणाऱ्या प्राण्याचा पंजा, घोड्याचा पाय आणि वटवाघळाचा पंख यांतली सारखी हाडे समान पूर्वजाकडे बोट दाखवतात, असे मांडले. डार्विनचे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण कामे इतकी वेगळी असताना सांगाडा का बदलला नाही, याचे उत्तर त्यात मिळते.

पण खरा पेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर उभा राहतो. तळहाताच्या पुढच्या रेषेपासून मधल्या पेरापर्यंतचा भाग असा, की तिथे दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. काचेने किंवा विळीने तिथे कापले की जखम भरतेच, पण भरताना कंडरा नळीलाही चिकटते. जी ताकद टाके घट्ट करते तीच बोट जखडून टाकते. अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला नो मॅन्स लँड म्हटले आणि तिथे लगेच टाके घालू नयेत, कातडी शिवून नंतर कंडरेचे कलम करावे, असा सल्ला दिला. १९६७ साली लुइव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी ताज्या जखमेतच कंडरा शिवून मिळालेले निकाल मांडले तेव्हा सहकाऱ्यांना ते पटणे जड गेले. त्यांच्या पद्धतीत शिवलेले बोट रबर बँडने तळहाताकडे ओढलेले असे आणि रुग्णाने ते स्वतः सरळ करायचे, पुन्हा सोडायचे. टाके ओले असतानाच हालचाल सुरू.

निर्मात्याचा पुरावा शोधणाऱ्यांनी हात पाहिला तो बराचसा शवविच्छेदनाच्या टेबलावर, निश्चल. जिवंत हात हलवत ठेवला तरच हात राहतो. म्हणून त्याचे प्रयोजन त्या फटीत आधीच कोरून ठेवलेले आहे, असे म्हणणे अपुरे आहे. पॉल ब्रँड यांचे काम हे आणखी ठळक करते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. ज्या बोटाला खालची कंडरा पुरेशी आहे, त्याची वरची कंडरा सोडवायची, तिच्या पट्ट्या करायच्या आणि लुळ्या पडलेल्या बारीक स्नायूंच्या जागी जोडायच्या. बोट वाकवणारी कंडरा आता मधल्या सांध्यात बोट सरळ करायला मदत करते. ब्रँड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि हातात त्यांना ईश्वराची योजनाच दिसत होती. तरी त्यांच्या रुग्णांना जुन्या कंडरेचे नवे काम स्वतःच शिकावे लागे. आधी बोट वाकवायचा विचार करायचा, मग ते सरळ होताना पाहायचे, असे दिवसामागून दिवस. नंतर ती माणसे तिथल्याच कार्यशाळेत लाकडाची खेळणी करू लागली.