वायरीचा जोड

कारंज्याहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक रोपवाटिका होती. मालकाला सगळे आबाजी म्हणत. भोवती मेंदीचं कुंपण होतं आणि पावसाळ्यात ते बघता बघता डोक्याला लागायचं. म्हणून आबाजींनी विजेवर चालणारं छाटणीचं मशीन आणलं. ते चालवायचं काम भाच्याकडे आलं.

श्रावणातली सकाळ होती, पाऊस नुकताच उघडला होता. भाच्याचं लक्ष कुंपणाच्या वरच्या रेषेवर, वायर पायाजवळच्या पाल्यात. पातं खाली आलं, ठिणगी उडाली आणि मशीन गप्प झालं. बोर्डावरून आणलेली एक्स्टेन्शनची वायर सॉकेटपासून हातभर अंतरावर अर्धी कापली गेली होती.

भाच्याने बोर्डाचं बटण बंद केलं आणि खिशातून काळी टेप काढली.

"काय करून रायला?" आबाजींनी विचारलं.

"टेप मारतो मामा. बटन बंद केलं."

आबाजी काही बोलले नाहीत. पायाखाली कोरडी फळी घेऊन त्यांनी बोर्डाच्या भोकात टेस्टर घातला. बटण बंद असूनही टेस्टर पेटला. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर घालायचं ते न्यूट्रलवर घातलं होतं. त्यामुळे मशीन बंद पडायचं, पण वायरीत वीज तशीच असायची.

"बटनाचा भरोसा नाई. आंधी पिन काढ."

भाच्याने पिन उपसून काढली. तोंडावरचा रंग उडाला होता, तरी हातातली टेप सुटली नव्हती. "आता तं मारू?"

कुंपणाच्या पलीकडे कामावरच्या मावशी कापलेला पाला गोळा करत होत्या. ओल्या हातांनी वायर उचलून बाजूला सारायच्या, पाटीत पाला भरायच्या आणि पुढे सरकायच्या.

"पाय तिकडं," आबाजी म्हणाले. "जोड कुठं हाये ते तुले ठाव हाये. तू तिथं हात लावणार नाई. पन मावशीले कोन सांगन? ज्याले जोड ठाव नाई, त्यानं बी वायर बिनघोर धरली पायजे. नाई तं दुरुस्ती करूच नोको."

ओल्या पाल्यातून, चिखलातून ओढली की टेप सुटते. आतल्या पिळलेल्या तारा सैल होतात, तापतात, आणि पाणी शिरलं की 230 व्होल्ट उघड्यावर येतात. 9 वॅटचा साधा एलईडी बल्ब जेवढा प्रवाह घेतो, तेवढा छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. या भागात सोयाबीन-तुरीच्या रानात मोटारीच्या वायरीला असे टेपचे जोड पावलोपावली दिसतात, आणि रात्री लाइन आली की माणसं त्याच वायरी ओलांडून मोटार चालू करायला जातात. हे पाहून जीव खालीवर होतो.

आबाजींनी इजा झालेला भाग सॉकेटपर्यंत कापून काढायला लावला. सॉकेट उघडलं आणि चांगल्या वायरीच्या टोकाला नव्याने बसवायला घेतलं. तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थिंगला. हिरवी-पिवळी त्यांनी बोटाच्या पेरभर लांब ठेवायला सांगितली. कधी ओढ बसलीच, तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. तारांचा एकही केस स्क्रूबाहेर राहू दिला नाही. वायरीचं वरचं जाड कव्हर क्लॅम्पखाली येईल असं धरलं, म्हणजे ताण क्लॅम्पने घ्यावा, स्क्रूने नाही. मग भाच्याला वायर ओढून पाहायला सांगितलं. एक क्लॅम्प सैल निघाला. पुन्हा उघडलं, पुन्हा कसलं.

तरीही त्या दिवशी मशीन लागलं नाही. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आला. त्याने बटण फेजवर घेतलं, अर्थिंग तपासलं आणि बोर्डाला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. प्रवाह चुकीच्या वाटेने जाऊ लागला की ती क्षणात पुरवठा तोडते. तिचं टेस्टचं बटण दाबून भाच्याने खटका पडतो का ते स्वतः पाहिलं.

पाला सुकल्यावर छाटणी सुरू झाली. आता भाचा वायर खांद्यावरून पाठीमागे सोडून चालत होता. पण वायर हातभर आखूड झाली होती, विहिरीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. तेवढी मेंदी त्याने हातकैचीने कापली.