वेदीवर कोणाची संस्कृती?

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नगर जिल्ह्यातील एका खेड्याच्या धर्मग्रामात मी नुकताच रुजू झालो होतो. सेमिनरीत उपासनेच्या भारतीयीकरणाचे धडे गिरवलेले, उत्साह दांडगा. एका रविवारी मिस्साबलिदानाच्या वेळी समया लावल्या, आरती ओवाळली आणि आरंभी संस्कृत श्लोक म्हटले. मिस्सा आटोपल्यावर एक निवृत्त मास्तर जवळ आले आणि नम्रपणे म्हणाले, "फादर, छान झाले. पण जी भाषा कानी पडणेदेखील आमच्या आजोबांसाठी पाप ठरविले होते, तिच्यात आम्ही देवाला हाक कशी मारावी?"

मी निरुत्तर झालो.

समया आणि आरती यांना ख्रिस्तसभेची मान्यता होतीच. जेथे श्रद्धेला बाध येत नाही तेथे कठोर एकविधता लादायची नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा अनुकूलने मान्य केली. अंजलिबद्ध नमस्कार, तेलाचे दिवे, आरती ही त्यांतलीच. तत्त्व निर्विवाद आहे. शब्द देही झाला तो एका विशिष्ट देशात, एका विशिष्ट बोलीत. परंतु 'भारतीय' म्हणताना आपण कोणाची परंपरा उचलतो, हा मास्तरांचा प्रश्न त्या तत्त्वाच्या पुढचा होता.

मग मी हलगीचा विचार मांडला. तरुणांनी माना हलविल्या. "ती वाजविणे ही आमच्यावर गावकीची सक्ती होती. तिच्या आवाजात आम्हांला वेठच ऐकू येते." म्हणजे वरची परंपरा परकी आणि स्वतःची म्हणावी ती जखमेची!

वाट दाखविली एका आजीने. उपवासकाळात क्रूसाच्या वाटेच्या भक्तीसाठी लोक जमले असता, तिने मरियामाउलीचे दुःख जात्यावरच्या ओवीत गायिले. बाया एकेक करून सूर धरू लागल्या. त्या सुराला कोणाचीच हरकत नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही ओवीतच. पुस्तकात जे मी वाचले होते, ते आजीच्या कंठात जिवंत होते. मी विचारलेच नव्हते.

१९९६ साली नैरोबी येथे आपल्या लुथरन बंधूंनी उपासना व संस्कृती यांची चार नाती सांगितली. उपासना सर्व संस्कृतींच्या पलीकडची असते, स्थानिक मातीत रुजते, इतर संस्कृतींशी देवाणघेवाण करते आणि प्रसंगी संस्कृतीला विरोधही करते. या शेवटच्या नात्याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. करिंथ येथे श्रीमंत आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत. तीही तेथील रीतच होती. संत पौलाने तिचा गौरव केला नाही, खरमरीत निषेध केला. आजची बाजारू संस्कृतीही अशीच न विचारता मंदिरात शिरते. लग्नविधीत वेदीपेक्षा कॅमेऱ्याची सोय आधी पाहिली जाते आणि गरीब वधुपित्याला कर्ज काढून त्या थाटाशी बरोबरी करावी लागते.

म्हणून नवे काही वेदीजवळ आणण्यापूर्वी मी आता प्रथम मागच्या बाकावर जाऊन बसतो. यामुळे कोणाची मान खाली जाईल, हे तेथूनच दिसते. ख्रिस्तप्रसादाची रांग एकच असते. ज्या रीतीने ती रांग दुभंगते, ती कितीही सुंदर, कितीही आपली असली, तरी ती उंबऱ्याबाहेरच राहिलेली बरी.