हाताची चूक आणि मौनाचे पाप

माझी मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिच्या खालच्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. डॉक्टर आमच्याच धर्मग्रामातले. त्यांच्या मुलाला तिने पहिलीत हात धरून अक्षरे गिरवायला शिकवली होती. चार खेपांत काम आटोपले, दाढेवर कॅप बसली, पैसे चुकते झाले. पुढे दोन वर्षे ती दाढ अधूनमधून ठणकत राहिली. तक्रार घेऊन गेले की गोळ्या मिळत आणि वयोमानाने असे व्हायचेच, असे आश्वासन मिळे. अखेर ती मुलाकडे पुण्याला गेली असता तिथल्या दंतवैद्याने एक्स-रे काढला. दाढेच्या मुळात केसाएवढी बारीक, पांढरी रेघ दिसत होती. मूळ साफ करण्याच्या सुईचा तुकडा आत मोडून राहिला होता.

मावशी गावी परतली तेव्हा मला म्हणाली, “त्यांचा हात चुकला याचा मला राग नाही. पण मला एवढेच कळायला हवे, की त्यांना हे ठाऊक होते का?”

तिच्या या एका प्रश्नात व्यावसायिक निष्काळजीपणाचा सारा नैतिक पेच सामावलेला आहे असे मला वाटते.

प्रथम डॉक्टरांची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे. दाढेची मुळे सरळ नसतात. त्यांतील नलिका अरुंद आणि पुष्कळदा वाकड्या असतात. दंतवैद्य ज्या बारीक सुयांनी, म्हणजे ज्यांना ते फाइल म्हणतात त्यांनी, ही नलिका खरवडून स्वच्छ करतात, त्या वळणावर ताण येऊन कधीकधी मोडतात. निष्णात हातांतूनही हे घडते. काही वेळा तुकडा काढता येतो, काही वेळा त्याच्या बाजूने वाट काढून उपचार पुरा करता येतो आणि काही वेळा तो आत राहूनही दाढ वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा सुई मोडली एवढ्यावरून कोणासही दोषी ठरवता येणार नाही.

कायदाही हेच सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात मांडीचे हाड मोडलेला एक तरुण १९५३ साली उपचारासाठी पुण्यास आणला गेला आणि उपचारानंतर दगावला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली दिलेल्या निकालात वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना योग्य ती काळजी घेणे. या तिन्ही ठिकाणी अपेक्षा वाजवी दक्षतेची आहे, अचूकतेची नाही. पुढे २००५ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की निर्णयातील प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे आणि डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचे तर त्याची हयगय गंभीर स्वरूपाची असली पाहिजे.

मग निष्काळजीपणा सुरू होतो तरी कोठे? तो बहुधा अशा जागी सुरू होतो जिथे कोणी पाहत नसते. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत किमान पंधरा मिनिटे राहिली की घाईत नुसती धुऊन पुसली गेली, हे खुर्चीत बसलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. दाढ काढण्यापूर्वी हृदयाची झडप बदलली आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, असे दोन-चार प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही. परंतु ते न विचारल्याने एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. डाव्या-उजव्याची खातरजमा न केल्यामुळे चांगला दात उपटला जातो. यांतील एकाही गोष्टीसाठी असामान्य कौशल्य लागत नाही. लागते ती फक्त समोरच्या माणसाची कदर.

आणि समोरचा माणूस तरी कोणत्या अवस्थेत असतो! तो मान मागे टाकून पडलेला असतो, डोळ्यांवर दिव्याचा झोत असतो. तोंड उघडे असूनही त्याला बोलता येत नाही. स्वतःच्या तोंडात काय चालले आहे हे त्याला स्वतःला दिसत नाही. इतका विश्वास आपण फार थोड्या लोकांवर टाकतो. ज्याच्यावर तो टाकला जातो, त्याची जबाबदारीही तेवढीच वाढते.

“माझा हेतू वाईट नव्हता,” हा अशा वेळचा नेहमीचा बचाव असतो आणि तो बहुधा खराही असतो. पण निष्काळजीपणाला वाईट हेतू नसतोच; तो असता तर आपण त्याला वेगळे नाव दिले असते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात निष्काळजीपणाचा स्वतंत्र विचार केला आहे. जी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे ती न घेणे, असा त्याचा अर्थ लावून त्यांनी त्याला विवेक या सद्गुणाच्या विरुद्ध बाजूला ठेवले आहे. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपणही केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ते शब्द आपल्या ओठांवरून फार सहज निसटतात. आपल्या दवाखान्यात, कचेरीत, वर्गात आपण काय करायचे राहून गेलो, हे त्या क्षणी कितीजणांना आठवते?

इथे कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी यांच्या वाटा काही अंतरावर वेगळ्या होतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. मात्र जिथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, ती जागा या कक्षेबाहेर राहिली. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण आपल्या सभागृहात मोफत दंतचिकित्सा शिबिर भरते, पाड्यावरची एखादी म्हातारी रांगेत उभी राहते, तेव्हा तिच्यासाठी सुई कमी निर्जंतुक चालेल काय? फुकट दिलेल्या सेवेत हयगय झाली तर तिला ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही. म्हणूनच तिथे आपली परीक्षा अधिक कडक असते.

मावशीच्या घरात मात्र वेगळाच वाद पेटला होता. मुलगा म्हणे, ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. धाकटी सून म्हणे, आपल्याच माणसाला कोर्टात खेचायचे? आपण ख्रिस्ती ना, क्षमा करून टाकावी. मला दोघांचेही अर्धेच पटत होते. तक्रार करणे म्हणजे सूड नव्हे. तिच्यामुळे पुढच्या रुग्णाचे रक्षण होऊ शकते. आणि काय घडले हेच ठाऊक नसताना केलेली क्षमा म्हणजे विषय टाळणे होय. क्षमा करायची तर कशाबद्दल, हे आधी कळले पाहिजे. भाऊ चुकला तर प्रथम त्याच्याकडे जाऊन एकांतात बोलावे, असे प्रभू येशूने सांगितल्याचे संत मत्तय लिहितो. मावशीने तोच मार्ग धरला. एक्स-रे पिशवीत घालून ती दवाखाना बंद व्हायच्या वेळी गेली. मी सोबत होतो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून मावशीचे जुने कार्ड काढले. त्यावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तुकडा आत राहिल्याची नोंद होती.

“बाई, त्या दिवशी बाहेर सातजण बसले होते,” ते म्हणाले. “म्हटले, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला वाटले, आता कसे सांगू? नंतर तुम्ही दुखते म्हणून यायचात, तेव्हा तर धीरच झाला नाही.”

सुई क्षणात मोडली होती. मौन दोन वर्षे टिकले, आणि दरम्यान मुळाशी जंतुसंसर्ग पसरत गेला. वेळीच सांगितले असते तर तज्ज्ञाकडे जाता आले असते, कदाचित दाढ वाचलीही असती. शरीराचे नुकसानसुद्धा सुईपेक्षा मौनानेच अधिक केले.

डॉक्टरांनी क्षमा मागितली आणि तिथे न थांबता मावशीला स्वतः मुंबईच्या तज्ज्ञाकडे नेले, सारा खर्च सोसला. जक्कयाने नुसते वाईट वाटून घेतले नव्हते. घेतलेले परत केले होते. पश्चात्तापाला भरपाईची जोड हवी, ही शिकवण मला त्या दिवशी पुस्तकाबाहेर दिसली. दाढ मात्र काढावी लागली.

मावशीने तक्रार केली नाही. दुसऱ्या कोणी केली असती तर तिला मी चूक म्हटले नसते. निघताना तिने डॉक्टरांना एवढेच सांगितले, “पहिलीतली मुले पाटी फुटली की लपवतात, डॉक्टर. मी त्यांना कधी पाटीसाठी रागावले नाही. लपवण्यासाठी रागावत असे.”