न आलेला प्रलय

जगबुडीच्या भविष्यात एक विलक्षण गोष्ट आहे. इतर भविष्ये खरी ठरली म्हणजे सांगणाऱ्याचा सन्मान होतो. हे भविष्य खरे ठरले, तर सन्मान करावयास कोणी उरणार नाही आणि तो घ्यावयासही कोणी उरणार नाही. म्हणून मानवजातीला या प्रकारची जी भविष्ये ठाऊक आहेत, ती सर्वच्या सर्व खोटी ठरलेली आहेत. त्यांचा इतिहास म्हणजे वस्तुतः प्रलयासाठी नेमलेल्या दिवसानंतर उजाडलेल्या सकाळचा इतिहास होय. त्या सकाळी माणसे काय बोलली व कशी वागली, हा केवळ कुतूहलाचा विषय आहे असे नाही. भय खोटे ठरल्यावर माणसावर काही कर्तव्य उरते की नाही, असा हा नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण १९६२ सालच्या अष्टग्रहीचे. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले. भरीस भर म्हणून ५ तारखेस खग्रास सूर्यग्रहणही होते. मात्र ते पॅसिफिक महासागराच्या बाजूस दिसणारे होते. या योगावरून भूकंप, महापूर, युद्ध, किंबहुना सर्वनाश होणार, असे भाकीत अनेक ज्योतिष्यांनी केले आणि देशभर भयाची लाट पसरली. जागोजाग यज्ञकुंडे पेटली, अखंड नामजप सुरू झाले, तुपाच्या व धान्याच्या आहुती पडल्या. पंतप्रधान नेहरूंनी या भयाची उघड थट्टा केली. पण शेजारच्या ब्रह्मदेशात तेथील पंतप्रधान ऊ नू यांनी अरिष्टशांतीसाठी पशुपक्ष्यांना मुक्त केल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. पुढे ६ फेब्रुवारीचा सूर्य नेहमीच्या वेळी उगवला. ऊ नू यांचे सरकार मात्र महिना उलटण्याच्या आतच, २ मार्च रोजी, लष्कराने उलथून टाकले.

शास्त्रदृष्ट्या पाहू जाता या भयाला पाया नव्हता. चंद्र दर अमावास्येस सूर्याजवळ येतोच. बुध व शुक्र सूर्यापासून कधीच फार दूर जात नाहीत. गुरू व शनी सुमारे वीस वर्षांनी एकमेकांजवळ येतात. आणि केतू हा तर गोल नसून चंद्राचा मार्ग व सूर्याचा मार्ग जेथे एकमेकांस छेदतात असा एक बिंदू आहे. पुराणांच्या दृष्टीने पाहिले तरी तीच गोष्ट. कलियुगाचे मान ४,३२,००० वर्षांचे व त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व ३१०२ मधला. म्हणजे पुराणांच्या गणिताप्रमाणे अद्याप चार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत. ज्या परंपरेचे नाव घेऊन प्रलय सांगितला गेला, तिच्याच हिशेबाकडे कोणी पाहिले नाही.

तथापि भाकीत चुकीचे होते एवढे सिद्ध करणे सोपे आहे. ते चुकल्यावर काय झाले, हे अधिक विचारणीय आहे. साधारणपणे तीन उत्तरे पुढे आली. पहिले असे की, एवढे यज्ञयाग झाले म्हणूनच अरिष्ट टळले. दुसरे असे की, फळ तत्काळ मिळत नसते. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झालेच की नाही? आणि तिसरे उत्तर म्हणजे हसणे.

पहिले उत्तर वरवर पाहता अभेद्य वाटते. अरिष्ट आले असते तर भाकीत खरे. आले नाही तर यज्ञ समर्थ. दोन्हीकडून जिंकणाऱ्या अशा युक्तिवादाने काहीच सिद्ध होत नाही. परंतु एवढ्यावरून ‘आम्ही टाळले’ असे म्हणणारा प्रत्येकजण भोंदू ठरत नाही. २००० साल उजाडताना जगातील संगणक सालाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवीत असल्याने गोंधळून बंद पडतील, अशी भीती होती. १ जानेवारीला विशेष काही घडले नाही आणि लोक हसले. पण त्याआधी हजारो तंत्रज्ञांनी, त्यांत कितीतरी भारतीय होते, वर्षानुवर्षे बसून त्या चुका दुरुस्त केल्या होत्या. दोन्ही ठिकाणी संकट आले नाही आणि दोन्ही ठिकाणी श्रेय सांगितले गेले. फरक एवढाच की, एके ठिकाणी उपाय आणि अपाय यांमधला दुवा कोणालाही उघडून पाहता येत होता. न दुरुस्त केलेला संगणक कसा चुकतो, हे दाखविता येत होते. यज्ञ न केलेले गाव कसे बुडाले, हे मात्र कोणालाही दाखविता आले नाही.

दुसऱ्या उत्तराची मोहिनी याहून मोठी आहे. कारण जगात दरवर्षी काही ना काही वाईट घडतेच, आणि मुदत वाढवीत गेल्यास कोणतेही भाकीत अखेर खरे ठरते. ही युक्ती केवळ आपल्या देशाची आहे असे मानू नये. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी धर्मोपदेशकाच्या गणितावरून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा येशूच्या पुनरागमनाचा दिवस धरला होता. कित्येकांनी शेतातील पीक तसेच उभे ठेवले. दिवस गेला, रात्र गेली आणि माणसे रडत घरी परतली. मिलरने तारीख चुकल्याचे मान्य केले, पण श्रद्धा सोडली नाही. त्याच्या काही अनुयायांनी मात्र तारीख बरोबरच होती, घडावयाचे ते पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडले, असा अर्थ लावला. यांच्यातूनच १८६३ साली सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ स्थापन झाला. पुण्याच्या वाचकांस त्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था परिचित असेल. फसलेल्या भाकिताच्या पोटी शाळा व रुग्णालये जन्मास आली, हे या प्रकरणाचे चमत्कारिक व काहीसे दिलासा देणारे वैशिष्ट्य होय.

निष्कर्षाला घट्ट धरून बसण्याची ही वृत्ती केवळ श्रद्धाळूंतच असते असेही नाही. २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येणार असे मानणाऱ्या, शिकागोजवळच्या एका लहानशा मंडळाचा लिऑन फेस्टिंजर आदी मानसशास्त्रज्ञांनी त्या मंडळात आपले निरीक्षक मिसळून अभ्यास केला. भाकीत फसल्यावर लोक अधिकच उत्साहाने प्रचार करू लागतात, असा सिद्धांत त्यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात मांडला आणि तो पुढे विद्यापीठांतून प्रमाण मानला गेला. आता २०२५ साली जुनी कागदपत्रे तपासून एका अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, निरीक्षकांचाच त्या मंडळावर बराच प्रभाव पडला होता आणि सिद्धांताला न जुळणारा पुरावा बाजूस ठेवला गेला होता. भविष्यवाद्यांचे दोष शोधावयास गेलेल्यांनाही स्वतःच्या भाकिताचा मोह पडला, असा याचा अर्थ होतो.

राहिले तिसरे उत्तर, हसण्याचे. सुशिक्षित वर्गास हेच सर्वांत प्रिय, आणि माझ्या मते त्याचीच तपासणी सर्वांत कमी होते. हसणारा असे समजतो की, भाकीत खोटे म्हणजे भयाचे कारणही खोटे. परंतु त्याच १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात क्युबाच्या प्रश्नावरून अमेरिका व रशिया अणुयुद्धाच्या अगदी काठावर जाऊन उभे राहिले होते. केनेडी व क्रुश्चेव्ह यांनी अखेर पाऊल मागे घेतले म्हणून जग वाचले. त्या वर्षी जगाला खरा धोका होता. तो मकर राशीत नव्हता, माणसांनी रचून ठेवलेल्या अस्त्रांत होता. ज्योतिष्याने बोट भलतीकडे दाखविले आणि हसणाऱ्याने ते बोट खोटे ठरताच डोळे मिटून घेतले. खरा धोका दोघांनीही पाहिला नाही.

हा प्रश्न आम्हा निलंग्याच्या लोकांस केवळ तात्त्विक वाटत नाही. आमच्या शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. धक्का सुमारे ६.२ तीव्रतेचा, जगाच्या मानाने फार मोठा नव्हे. मारले ते घरांनी. चिखलात रचलेल्या दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती आणि वर मातीच्या ओझ्याचे माळवद, असे आमच्याकडचे घर उन्हाळ्यात थंड असते, पण हादऱ्यात ते झोपलेल्या माणसाच्या अंगावर येते.

येथेही भाकीत फसले होते, आणि ते शास्त्राचे होते. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असे व १९८४ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीस लहान हादरे बसले होते. पण महिन्यांमागून महिने गेले, मोठे काही घडले नाही आणि भय ओसरत गेले. म्हणजे अभयाचे आश्वासनही प्रलयाच्या भाकिताइतकेच खोटे ठरू शकते, आणि त्याची किंमत कितीतरी अधिक असते.

मात्र त्यानंतर जे घडले ते महत्त्वाचे आहे. नकाशा बदलला. २००२ साली देशाच्या नकाशातून पहिला विभाग मुळातच काढून टाकण्यात आला व लातूरचा समावेश तिसऱ्या विभागात झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, येथे इमारत बांधताना अधिक जोराचा हादरा गृहीत धरून हिशेब करणे आले. फसलेल्या भाकिताला द्यावयाचे प्रामाणिक उत्तर ते हेच, असे मला वाटते. चुकीची खूण अशा ठिकाणी करावयाची की, ती आपल्या पुढील कृतीस बांधून ठेवील. अष्टग्रहीनंतर पंचांगाच्या कोणत्या नियमावर अशी काट मारली गेली? आणि हसणाऱ्यांनी तरी आपल्या कोणत्या सवयीत बदल केला?

भूकंपानंतर आमच्याकडे अमुक रात्री पुन्हा धरणी हलणार, अशा अफवा वारंवार उठत आणि माणसे अंथरुणे घेऊन अंगणात येत. ठरलेली रात्र सुखरूप गेली की, दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्याच भिंतींच्या आत जात. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले व दोनच्या आसपास तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. किल्लारीची आठवण असलेल्या लोकांनी घरात झोपणे सोडले. मोठा भूकंप झाला नाही. आता त्या भीतीचे काय करावयाचे? ‘ग्रामदेवतेने राखले’ म्हणून ती विसरावयाची, ‘अजून व्हावयाचा आहे’ म्हणून नवी तारीख शोधावयाची, की ‘उगाच घाबरले’ म्हणून हसावयाचे? या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. त्यांपैकी कोणतेही उत्तर दिले तरी भिंत जशीच्या तशी राहते.

भूकंपाची तारीख आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही आणि शास्त्रज्ञ ते मोकळेपणाने सांगतात. लोकांस ही शास्त्राची उणीव वाटते. परंतु नीतीच्या दृष्टीने तिच्यात एक लाभ आहे. तारीख सांगणारा माणसाला एका रात्रीपुरते जागवितो व मग मोकळे करतो. तारीख न सांगणारी सूचना तसे मोकळे करीत नाही. दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड घाला, दारांच्या वर घरभर फिरणारा पट्टा ओता, माळवदावरील मातीचे थर कमी करा, एवढेच ती सांगते आणि ते केल्यावाचून आपली सुटका नाही. हे काम ज्या दिवशी काहीच घडत नाही, अशाच दिवशी करता येते.

तेव्हा न आलेल्या प्रलयानंतरच्या सकाळी प्रत्येकाच्या वाट्यास काही ना काही येते. भविष्य सांगणाऱ्याने आपले गणित कोठे चुकले ते लोकांसमोर मांडावे. विश्वास ठेवणाऱ्याने त्या भयापायी काय विकले, काय जाळले व कोणाचे कर्ज काढले याचा हिशेब करावा, आणि तो मुलांना सांगावा. आणि न मानणाऱ्याने, म्हणजे बहुधा हे मासिक वाचणाऱ्या आपण सर्वांनी, हसण्यापूर्वी एवढे पाहावे की, त्या वेड्या भीतीच्या आसपास कोठे एखादी शहाणी भीती उभी आहे काय. आमच्या तालुक्यात चिखलात रचलेली जुनी घरे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांत आज रात्रीही माणसे झोपणार आहेत.