कणगी, विहीर आणि तवक्कुल



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील घराघरांत आगोटची बेगमी होते. भात कणगीत जाते, आमसुले आणि मीठ बरणीत, सुकी मासळी डब्यात, जळाऊ लाकूड पडवीत. चार महिन्यांच्या या तयारीला अल्लाहवरील अविश्वास असे कोणी म्हणत नाही. मात्र एखादा वयोवृद्ध माणूस आपले सारे उर्वरित आयुष्यच अशा बेगमीच्या आधारावर उभे करू पाहतो, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. हा विवेक आहे की तवक्कुलमधील उणीव? आणि ‘म्हातारपणी मला कोणाचीही गरज पडू नये’ ही इच्छा स्वाभिमान आहे की अहंकार?

हे प्रश्न मला ग्रंथांत नव्हे, माझ्याच जमातीत भेटले. रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात एक गृहस्थ आखाती देशातील तीस वर्षांची नोकरी संपवून परतले. मुले शहरात स्थिरावली होती. त्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो. त्यांनी वडिलोपार्जित वाडी पुन्हा उभी केली. सुपारी, नारळ, केळी, थोडी भातशेती, दोन शेळ्या, काही कोंबड्या. जुनी विहीर उपसून घेतली. पंप बसवला, तरी कप्पी आणि दोर काढू दिला नाही. कणगीत दोन माणसांना वर्षभर पुरेल इतके भात असे.

मी तेव्हा नवा इमाम होतो आणि ज्ञानाचा थोडा ताठाही होता. एकदा म्हणालो, “चाचा, इतका साठा कशाला? रोजी देणारा तो आहे.” ते हसून म्हणाले, “मौलाना, देणारा तोच. पण पाखरूसुद्धा घरट्यात बसून खात नाही.”

मी निरुत्तर झालो, कारण ही हदीस मीच जुम्याला सांगितली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तवक्कुलसाठी पक्ष्याचे उदाहरण दिले, ते सकाळी उपाशीपोटी बाहेर पडणाऱ्या पक्ष्याचे. उंटाबद्दल विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले. हजरत उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी स्वतः आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवली होती. सूरह यूसुफमध्ये तर सात वर्षांच्या दुष्काळापूर्वी सात वर्षे पेरणी करून धान्य कणसांतच राखून ठेवण्याची योजना एक प्रेषितच सांगतात. अर्थात साधन वापरणे तवक्कुलच्या विरोधात नाही. साधनालाच दाता मानणे तवक्कुलच्या विरोधात आहे. माझा पहिला प्रश्न चुकीचा होता, हे मी मान्य करतो.

परंतु चाचांचीही परीक्षा व्हायची होती.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. शव्वाल महिना चालू होता, टाळेबंदीमुळे हातची कामे आधीच गेली होती. काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. छपरे उडाली, रस्ते झाडांनी अडले, मोबाइल मुके झाले आणि वीज कित्येक आठवडे आली नाही. पंप बंद पडले. कप्पी-दोराची चाचांची विहीर तेवढी चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात हंडे घेऊन माणसे उभी राहिली. आमच्या मोहल्ल्यातली होती, तशीच शेजारच्या कुणबीवाडीतलीही. पाणी सर्वांना मिळाले. पण काहींच्या घरातले धान्य भिजून गेले होते. चाचांनी पुढे मला प्रामाणिकपणे सांगितले, “मौलाना, मी मनात हिशेब केला. कणगीतले भात आम्हा दोघांना वर्षभर पुरणार होते, सगळ्यांना वाटले तर महिनाही नाही. खोलीची किल्ली हातात धरून मी बराच वेळ उभा होतो.” शेवटी चाची आतून सूप घेऊन आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “अल्लाहने आपलेच घर का शाबूत ठेवले असेल?” खोली उघडली गेली.

वाचकहो, खरा प्रश्न साठा करण्याचा नाहीच, किल्ली हातात असलेल्या त्या क्षणाचा आहे. भाव चढावेत म्हणून धान्य अडवून ठेवणाऱ्याला प्रेषितांनी गुन्हेगार ठरवले. कुटुंबासाठी राखलेल्या धान्याला फिक्हचे जाणकार साठेबाजी म्हणत नाहीत. पण शेजारी उपाशी असताना तेच धान्य कुलपात राहिले, तर कायदा कदाचित आपल्याला सोडील, आपला ईमान सोडणार नाही. सूरह कलममधील बागवाले आठवा. गरीब आत येण्यापूर्वीच फळे तोडण्यासाठी ते पहाटे कुजबुजत निघाले आणि बाग रात्रीतच उजाड झालेली आढळली. उलट अशअरी लोकांचे पाहा. त्यांच्याकडे अन्न कमी पडले की, असेल ते सारे एका कापडावर गोळा करून समान वाटून घेत. प्रेषित म्हणाले की, ते माझे आहेत आणि मी त्यांचा. हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या कोठारातून तर ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले होते, त्यांनाही पूर्ण मापाने धान्य मिळाले.

आता दुसरा प्रश्न. वादळानंतर गावची मुले कोयते आणि करवती घेऊन चाचांच्या वाडीत आली. चाचा म्हणाले, “माझे मी बघतो.” तिसऱ्या दिवशी आडव्या पोफळीवरून पाय घसरला आणि घोटा मोडला. सहा आठवडे ते खाटेवर होते. शेजारच्या कुणब्याचा मुलगा त्यांना पाठीवर घेऊन अंगणात नेई आणि वुजूसाठी तांब्याने पाणी घाली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे डोळे भरले. वेदनेने नव्हे, लाजेने. म्हणाले, “हेच टाळण्यासाठी सगळा खटाटोप केला होता.”

मी त्यांना सूरह रूमची आठवण दिली. तेथे अल्लाह मानवी जीवनाचा क्रम सांगतो. आधी दुर्बलता, मग सामर्थ्य, मग पुन्हा दुर्बलता आणि पिकलेले केस. ही दुसरी दुर्बलता आपल्या नियोजनातील चूक नव्हे, त्याच्या नियोजनाचा भाग आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापांपुढे नम्रतेचे पंख झुकवण्याचा आदेश आहे. आईबापांना कधीच कोणाची गरज पडली नसती, तर ही आज्ञा कोणी आणि कशी पाळली असती? सेवा करणे जसे पुण्य, तसे ती संकोच न करता स्वीकारणे हेही दुसऱ्यासाठी पुण्याचे दार उघडणे आहे.

हाताच्या कष्टाचे खावे, लोकांपुढे हात पसरू नये, ही इस्लामची शिकवण आहे. पण हात न पसरणे वेगळे आणि पुढे आलेला हात झिडकारणे वेगळे. सूरह अलकमध्ये माणूस मर्यादा का ओलांडतो याचे कारण सांगितले आहे, ते म्हणजे तो स्वतःला गरजमुक्त समजू लागतो. ‘अल-गनी’, सर्व गरजांपलीकडचा, हे नाव फक्त अल्लाहचे आहे. आपल्याला परिश्रमी होता येते, निरपेक्ष होता येत नाही.

म्हणून गावाकडे परतून चार गुंठ्यांवर उतारवय घालवू इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. विहीर राखा, बी राखा, कणगी भरा. त्याचबरोबर शेजार राखा. देण्याघेण्याचा हिशेब आणि वसीयत लिहून ठेवा, कारण वसीयत लिहिल्याविना दोन रात्रीही न काढण्याची प्रेषितांची ताकीद आहे. विहिरीची आणि बागेची विद्या एखाद्या तरुणाला शिकवा. आणि तरुणांनो, वडिलांनी हाक मारण्याची वाट पाहू नका. स्वाभिमानी माणूस हाक मारत नाही.

घोटा बरा झाल्यावर चाचांनी केळींच्या सावलीत सुपारीची नवी रोपे लावली. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि चाचांनी सत्तरी ओलांडली होती. मी काही विचारले नाही. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका, ही हदीस त्यांनाही ठाऊक होती. खड्डे मात्र या वेळी त्यांनी स्वतः खणले नाहीत. ते शेजारच्या त्याच मुलाने खणले आणि चाचा खुर्चीवर बसून अंतर सांगत होते.

अल्लाह आपल्या हातांना कष्टाची, कोठारांना बरकतीची आणि अंतःकरणाला परस्परांची गरज मान्य करण्याची शक्ती देवो. आमीन.